शेऱ्याचा रकाना

एकतीस वर्षं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात
मी वजनं तपासली.
ग्रॅमचा दहावा भाग चुकला
तर अख्खी पेटी बाजूला.
खिशात काडेपेटी नाही, बुटाला खिळा नाही,
मस्करी तर फाटकावरच जमा.

आता त्याच डोळ्यांनी मेथ्या मोजतो.
एक चमचा, सपाट. शीग नको.
रात्री नऊला भिजत,
सकाळी सहाला पाण्यासकट, चावून.
त्याआधी पाच मिनिटं बोटाला सुई.

वही आखून घेतली आहे:
तारीख, उपाशीपोटी, जेवणानंतर, काय घेतलं, शेरा.
शेऱ्याचा रकाना दोन वर्षं कोरा.
लिहिणार काय? कडू?

उपाय शोधत कुठे जावं लागलं नाही,
ते आपण होऊन जिना चढले.
वरच्या सेल्वीअम्मांनी कढीपत्त्याची फांदी दिली,
म्हणाल्या, आमटीतून वेचून ताटाच्या कडेला लावता ना,
ते बंद करा आधी.
मागच्या गल्लीतल्या झुबेदाने कलौंजी,
पुडीच्या कागदावर कुणाची तरी भूगोलाची उत्तरं,
दहापैकी चार.
साडूने बोहरी आळीतून दालचिनी आणली,
जाड साल खरी की पातळ, यावर अर्धा तास बोलला,
आणि चहा मात्र साखरेचा प्यायला. दोनदा.

डॉक्टर पाठाऱ्यांसमोर वही ठेवली.
त्यांनी पानं उलटली, चष्मा कपाळावर नेला.
"मेथी खा, हळद खा, जेवणाला चव येईल.
गोळी मात्र चुकवायची नाही.
आणि हे रोज सकाळी बाजारापर्यंत चालत जाता,
कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी,
ते कुठल्या रकान्यात लिहिता?"
मी म्हटलं, ते औषध नाही, ते आणायला जाणं आहे.
ते हसले.
मला हसण्यासारखं काही दिसलं नाही.

पौषात माझा हिशेब चुकला.
एकशे अठ्ठेचाळीसचे एकशे वीस करायचे होते, लवकर.
पेलाभर कारल्याचा रस, वर गोळी,
आणि रात्री भाकरी अर्धीच.
अडीचला जाग आली तेव्हा बनियन चिंब,
हात असे कापत होते
की जोडणी खात्यात असतो तर भोंगा झाला असता.

प्रमिलाने दिवासुद्धा लावला नाही.
अंधारातच वरच्या फळीवरचा डबा काढला,
पाहुण्यांचा,
आणि दोन चमचे साखर माझ्या जिभेवर ठेवली.
चमचे म्हणतो खरा, बोटांनीच ठेवली.
किती होती ते कुणी मोजलं नाही.
बोटांना मेथीचा वास, त्याखाली हिंगाचा,
त्याखाली हळदीचा, जो धुऊन जात नाही,
एकोणचाळीस वर्षांच्या फोडण्या एकावर एक,
आणि सगळ्यांत वर
साखर.

मग दिवा लावून सुई टोचली. अठ्ठावन्न.
पंधरा मिनिटं ती घड्याळ बघत बसली, मी तिला.
पुन्हा टोचली. शहाण्णव.
"एका रात्रीत सगळं उडवून द्यायला," ती म्हणाली,
"तुम्हाला सांगितलं कुणी होतं?"
तीस वर्षं जे मी इतरांना विचारत आलो
ते मला पहिल्यांदा कुणी विचारलं.

पहाटे वही उघडली.
काय घेतलं: साखर.
किती: ही जागा मी रिकामी सोडली,
जी कारखान्यात कधी सोडली नव्हती.
शेऱ्यात लिहिलं, प्रमिलाच्या हातून.
लगेच खोडलं, वही डॉक्टर बघतात.
मग खोडलेल्याच्या वर पुन्हा लिहिलं, जरा बारीक.

डॉक्टरांनी कारल्याच्या रसावर काट मारली,
गोळीचं पान बदललं,
बारीक अक्षर वाचलं की नाही, कळलं नाही.

काल रात्री नऊला मेथ्या तिनेच भिजत घातल्या.
मी दारातून पाहत होतो.
चमच्याला शीग होती, चांगली टोकदार.
दोन दाणे ओट्यावर सांडले.
मी ते उचलून वाटीत टाकले
आणि काही बोललो नाही.